लेन्सच्या जरा डावीकडे

४ फेब्रुवारी, मंगळवार

ग्रंथालयाच्या बाई आल्या होत्या. स्टुडिओ बंद होतोय हे त्यांच्या कानावर गेलंय. त्यांचा खालचा हॉल वीस तारखेपासून मार्चअखेरपर्यंत रिकामा आहे. म्हणाल्या, "तुमच्याकडे पन्नास वर्षांच्या निगेटिव्ह पडून असतील. तरुणपणी लोकांना कसली कसली वेडं होती, त्याचं प्रदर्शन करू या. कपडे, केस, गॉगल, सगळं."

मी म्हणालो, "निगेटिव्ह आहेत. वेडं माझी नव्हती."

त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

हो म्हणून टाकलं. जागा पंधरा मार्चला नव्या मालकाच्या ताब्यात द्यायची आहे, तोवर कपाटं रिकामी करायचीच होती. डार्करूमची वही मी कधी चुकवली नाही: रसायनाचं तापमान, वेळ, कागद. आता डार्करूममध्ये काम नाही, म्हणून हे लिहितोय.

ताईला सांगितलं. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, वरच्या खोलीत राहते. "बरं," म्हणाली. मी निम्मा जिना उतरलो तेव्हा वरून आवाज आला, "चंद्रावरचे पण लावणार का?"

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चार कपाटांपैकी दीड झालं. पाकिटावर नंबर, रजिस्टरमध्ये तारीख आणि नाव. अक्षर माझंच, त्यामुळे अडत नाही.

काचेवर धरून एकेक बघत गेलं की एक गोष्ट लक्षात येते. वेड सर्दीसारखं पसरतं. एखाद्या मार्चमध्ये एका पोराचे कल्ले कानाखाली उतरतात, जूनपर्यंत गावातल्या एकाही कानाची पाळी दिसत नाही. मुलींचे अंबाडे एका वर्षात वीतभर उंच होतात. पुढच्या वर्षी अंबाडे गायब. पँटच्या खालच्या बाजूचा घेर इतका वाढतो, की बूट दिसत नाहीत आणि माणूस जमिनीवर ठेवल्यासारखा वाटतो. कॉलर खांद्यापर्यंत. मग टाचा. टाचा उंच झाल्यावर मला कॅमेऱ्याचा स्टँड दोन बोटं वर घ्यावा लागायचा, ते आठवलं.

आमच्या स्टुडिओत पुठ्ठ्याचा चंद्र होता. त्यावर बसून फोटो काढून घ्यायला रांग लागायची. तारा नसलेली एक गिटार होती. एकच गॉगल होता. अख्ख्या गावाने तो घातलाय. दीडशे-दोनशे चेहरे, आणि नाकावर तोच गॉगल, डाव्या काचेवर तोच ओरखडा. प्रत्येकाला वाटत होतं, आपण इतरांपेक्षा वेगळे दिसतोय.

मी स्वतः कधी यात पडलो नाही. बारीक केस, पांढरा शर्ट. धंद्यात कोणीतरी भानावर असावं लागतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

निवडलेल्या साठ निगेटिव्ह झाल्या. तांत्रिक बाजू चांगली आहे. प्रकाश सारखा, फोकस चोख. एकच दोष, आणि तो जवळजवळ सगळ्यांत: नजर. लोक लेन्समध्ये बघत नाहीत, लेन्सच्या जरा डावीकडे बघतात. तो काळ काळ्या कपड्याखाली डोकं घालून फोटो काढण्याचा होता, तेव्हा मी प्रत्येकाला बजावायचो, "इकडे, काचेत बघा." होय होय म्हणायचे आणि ऐन क्षणी डावीकडे बघून हसायचे. हा दोष मला कधीच घालवता आला नाही.

हसू मात्र चांगलं आलंय. मी काही फार बोलका नव्हतो, तरी लोक माझ्यासमोर मोकळे होत असावेत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मुलाचा फोन. माझ्यासाठी खोली रंगवून घेतली म्हणाला. नातीने रंग निवडला. मग म्हणाला, "बाबा, आत्याच्या अर्जाचं काय झालं?"

वृद्धाश्रमाचा अर्ज मी मागच्या आठवड्यात आणून ताईच्या टेबलावर ठेवला होता. दोन खिडक्यांची खोली आहे, डॉक्टर रोज येतो, बाग आहे. मुलाच्या घरी दोघांची सोय होणं अवघड, हे ताईलाही समजतं. तिने सही करून ठेवली होती. 'छंद' या रकान्यात काही लिहिलं नव्हतं. मी 'वाचन' लिहिलं आणि अर्ज देऊन आलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एक गंमत सापडली. आमच्या समोरच रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. तो रेडिओवाला साधा, अबोल माणूस, पण फोटोचं त्याला भारी वेड. एका वर्षात त्याने चौदा फोटो काढून घेतलेत! गॉगल घालून, चंद्रावर बसून, गिटार घेऊन, फुलाफुलांच्या शर्टात, ट्रान्झिस्टर कानाला लावून. गिटार त्याने उलटी धरलीय. गॉगलमध्ये तर तो पाहुण्याचा चष्मा चुकून घातल्यासारखा दिसतो. एवढी हौस आणि एकही गोष्ट अंगाला शोभत नव्हती.

तेरा लावता येतील, एका ओळीत. एकाच माणसावर सगळी वेडं, लोकांना मजा येईल. चौदावा कामाचा नाही. त्यात तो नुसत्या पांढऱ्या शर्टात आहे, हातात काही नाही, हसतही नाही. रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात शेरा आहे: 'नजर चुकली. रद्द.'

ताईला विचारलं, "हा रेडिओवाला एवढे फोटो कशाला काढायचा गं?"

"त्याला विचारायचंस," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली.

आता कुठे विचारणार? तो त्याच वर्षी जूनमध्ये दुकान बंद करून गाव सोडून गेला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

फोटोखाली दोन-दोन ओळी लिहायच्या आहेत. कोणतं वेड कधी आलं, कुठून आलं. मला तारखा माहीत, बाकी काही नाही. शेवटी प्रिंटचा गठ्ठा घेऊन ताईकडे गेलो. ती पलंगावर बसली, चष्मा पुसला आणि जी सुरू झाली ती थांबेना.

"हा अंबाडा बघ. आत लोकरीचा गोळा आहे. माझ्या जुन्या स्वेटरचा. एकदा एकीचा फोटो काढताना गोळा घरंगळत तुझ्या पायाशी आला होता, तुला पत्ता नाही!"

"आणि ही पँट?"

"ती एकच पँट, सगळ्या पोरांना. मागून चिमटे लावायचे. जाड्याला चिमटे नाहीत, बारक्याला आठ. म्हणून तर कोणाला वळू द्यायचे नाही."

चंद्र तिनेच कापला होता. गिटार तिने भंगारातून आणली होती. शहरातून येणाऱ्या एका प्रवाशाकडून ती जुनी मासिकं घ्यायची आणि त्यात बघून दर सहा महिन्यांनी स्टुडिओचा कोपरा बदलायची. हे सगळं मला माहीत होतं, म्हणजे माझ्यासमोर घडत होतं. पण ते काम आहे असं कधी माझ्या डोक्यात आलं नाही.

मधे तिचा स्वतःचा फोटो निघाला. चोविसाव्या वर्षी तिने मानेपर्यंत केस कापले होते. गावात पहिली. वडील महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत.

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. कापल्यावर तास दीड तास आरशासमोर रडले. मग म्हटलं, आता रडून केस थोडेच येणारेत, बाहेर तरी जाऊ."

पुढच्या दोन महिन्यांतल्या निगेटिव्ह मी तपासल्या. अकरा मुलींचे केस मानेपर्यंत आहेत.

संध्याकाळी खाली उतरताना गुडघे दुखत होते, पण एकूण दिवस बरा गेला. एवढं ती कधी बोलल्याचं आठवत नाही. किंवा मी एवढा वेळ वर कधी बसलो नव्हतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

फोटो टांगले. बहात्तर. ग्रंथालयाच्या बाईंनी दारात मोठा फलक केलाय: 'आमच्या काळची वेडं'. खाली माझं नाव, 'छायाचित्रकार'. अक्षरं जरा मोठी झालीत, पण आता रंग वाळला.

१ मार्च, शनिवार

उद्घाटन. एवढी गर्दी होईल असं वाटलं नव्हतं. साठी-सत्तरीची माणसं स्वतःला शोधत भिंतीला नाक लावून फिरत होती. "अगं हा मी!" "हा तू? हे केस तुझे?" एका टकल्या गृहस्थाने आपल्या कल्ल्यांच्या फोटोसमोर उभं राहून नातवंडांना बोलावून आणलं. निवृत्त पोस्टमास्तर आपला चंद्रावरचा फोटो बघून इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. रेडिओवाल्याच्या तेरा फोटोंसमोर मी ठरवलं होतं तशीच गर्दी जमली. पण तिथे कोणी फारसं हसलं नाही. माझा अंदाज चुकला.

लोक माझ्याशी हात मिळवत होते आणि लगेच मागे बघत होते. "ताई कुठायत?" पोस्टमास्तरांनी विचारलं. टकल्याने विचारलं. निदान वीसेक जणांनी विचारलं. मी सांगत राहिलो, गुडघा दुखतोय तिचा. खरं म्हणजे ती येणार का, हे मी विचारलंच नव्हतं. ती येईल असं धरून चाललो, आणि ती आली नाही तेव्हा येणार नव्हती असं धरून चाललो.

मग पार्लरवाली आली. चौकात तिचं चाळीस वर्षं ब्यूटीपार्लर आहे. मी म्हणालो, "तुमचाही फोटो आहे, बारा नंबर. छान हसताय, फक्त काचेत बघायचं सोडून डावीकडे बघताय."

"मग कुठे बघणार? ताई उभ्या असायच्या ना तिथे, दिवा धरून. तुम्ही आपले त्या कपड्याखाली. तुमचं फक्त ढुंगण दिसायचं, रागावू नका हं. ताई तोंडं करून दाखवायच्या, कानात सांगायच्या, आज राणी दिसतेस. मी पंधरा वर्षांची होते. आरशात बघायची लाज वाटायची मला. माझं पार्लर निघालं ते त्या एका वाक्यावर."

मी बहात्तरच्या बहात्तर फोटो पुन्हा बघून आलो. ती म्हणते तसंच आहे. डावीकडे, साधारण साडेपाच फुटांवर. ताईची उंची.

मग ती रेडिओवाल्यासमोर थांबली. "बिचारा. किती सोंगं केली यांच्यासाठी."

"कोणासाठी?"

तिने माझ्याकडे बघितलं. "अहो, अख्ख्या रस्त्याला माहीत होतं."

मला नव्हतं.

२ मार्च, रविवार

सकाळीच पार्लरवाली गाडी घेऊन दारात. ताईला घेऊन गेली. मी मागून चालत पोचलो, तेव्हा ताई हॉलच्या मधोमध खुर्चीवर होती आणि भोवती बायकांचा गराडा. कोणी तिला अंबाडा दाखवत होतं, कोणी जुनी पाकिटं उघडत होतं. मला आत शिरायला वाट मिळाली नाही. दाराशीच उभा राहिलो. तिथून फलकावरचं माझं नाव अगदी तोंडासमोर येतं.

दुपारी मी ग्रंथालयाच्या बाईंकडून रंग आणि ब्रश मागून घेतला. ताईला विचारलं, "तुझ्या नावापुढे काय लिहू? वेशभूषा?"

"वेशभूषा कसली! एक पँट आणि आठ चिमटे."

"मग?"

"जे आहे ते लिही."

मग 'छायाचित्रकार' वर रंग फिरवून झाकलं, तिचं नाव माझ्या वर घातलं आणि खाली लिहिलं: 'हे फोटो आम्ही दोघांनी काढले.'

३ मार्च, सोमवार

फोटो मोठा करायचा एन्लार्जर अजून बांधून ठेवला नव्हता. चौदावी निगेटिव्ह काढली. आठ बाय दहाचा कागद, रसायन वीस अंश, दोन मिनिटं. रेडिओवाल्याचा चेहरा ट्रेमध्ये हळूहळू वर आला. कॉलर कडक इस्त्रीची. नजर डावीकडे, साडेपाच फुटांवर. प्रिंट चांगली आली.

वाळल्यावर वर नेली. ताई खिडकीशी पालेभाजी निवडत होती. तिच्यासमोर ठेवली. तिने हात पदराला... नाही, हात रुमालाला पुसले. मी तिच्याकडे नीट बघत नाही हे लिहितानाही कळतं. रुमाल होता, निळा.

"नवा शर्ट होता," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं. आज गॉगल नको, गिटार नको. नुसता ये."

"कशाला?"

"मला हवा होता एक. माझ्यासाठी."

"मग मागायचास माझ्याकडे."

"मागितला होता. तू म्हणालास, नजर चुकलीय, रद्द केला, परत बोलाव त्याला."

"मग?"

"मग तो जायचा दिवस आला. शहरात त्याला मोठं दुकान मिळालं होतं. चल म्हणाला."

खाली रस्त्यावर कोणीतरी शटर ओढत होतं. ते थांबलं. मग विचारलं, "गेली का नाहीस?"

"बाबा अंथरुणाला. तुला विचारलं होतं मी, मी काम सोडलं तर चालेल का. तू म्हणालास, सीझन संपू दे."

"सीझन संपल्यावर तरी..."

"सीझन संपतो होय रे?" ती म्हणाली, आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

५ मार्च, बुधवार

वृद्धाश्रमात जाऊन अर्ज परत आणला. मुलाला फोन करून सांगितलं, आत्या माझ्याबरोबर येईल, मी हॉलमध्ये झोपेन. तो म्हणाला, बघू या.

ताईला सांगायला वर गेलो. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल.

"अर्ज परत आणला," मी म्हणालो.

तिने कागद उलगडून पाहिला. 'छंद: वाचन' वर बोट ठेवलं. "हे कोणी लिहिलं?"

"मी."

"नेलास तेव्हा विचारलं नव्हतंस. आणलास तेव्हाही नाही."

मग तिने सांगितलं की पार्लरच्या मागची खोली रिकामी आहे. पार्लरवालीने रविवारीच विचारलं आणि हिने रविवारीच हो म्हटलं.

"तिथे एकच खिडकी आहे," मी म्हणालो. "तीही रस्त्यावर."

"म्हणून तर."

"आणि करणार काय तू तिथे दिवसभर?"

"येणाऱ्या-जाणाऱ्या पोरी बघेन. आजकाल काय चाललंय ते मला कळायला नको?"

चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. डॉक्टर, बाग, दोन खिडक्या सोडून पार्लरच्या मागची खोली. मला हा हिशेब जमत नाही. तिला तो आधीच जमलेला दिसतोय, पन्नास वर्षांपूर्वीच.

१४ मार्च, शुक्रवार

ताईचं सामान एका फेरीत गेलं. दोन पेट्या, शिवणयंत्र, आरसा. फोटो तिने पेटीत ठेवला नाही, हातात घेऊन गाडीत बसली. गाडी सुटताना मला काहीतरी बोलायचं होतं. "गुडघ्याचं औषध घेतलंस ना?" एवढंच निघालं.

"घेतलं," ती म्हणाली. "तू जेवून घे वेळेवर."

उद्या किल्ल्या द्यायच्या.

७ एप्रिल, सोमवार

मुलाच्या घरी तीन आठवडे झाले. माझी खोली पिवळी आहे. सगळे चांगले वागतात. नात मोबाइलवर स्वतःचे फोटो काढत असते, ओठांचा चंबू करून. तिच्या सगळ्या मैत्रिणींचा तोच चंबू. पूर्वी मी म्हणालो असतो, काय हा वेडेपणा. आज म्हणालो, "मलाही शिकव." ती इतकी हसली, की सूनबाई स्वयंपाकघरातून काय झालं म्हणून बघायला आली.

सोमवारी पार्लरला सुट्टी असते, म्हणून बसने गावी जाऊन आलो. ताईची खोली लहान आहे. शिवणयंत्र खिडकीशी, भिंतीवर चौदावा फोटो. ती मला पार्लरमध्ये घेऊन गेली. आरशांसमोर चार रिकाम्या खुर्च्या. "बस," म्हणाली. "किती वाढलेत. सूनबाईला दिसत नाही का?"

मी बसलो. तिने माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं. कात्री हातात घेतली आणि गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "कसे कापू?"

आयुष्यभर मी न्हाव्याला एकच उत्तर दिलंय: बारीक. आरशात ती माझ्या मागे उभी होती. मी म्हणालो, "तेव्हा सगळी पोरं ठेवायची तसे. कानावर येणारे. कल्ले पण."

ती आधी हसली, मग थांबून तिने माझं डोकं डावी-उजवीकडे वळवून नीट बघितलं. "तेवढे केस कुठे राहिलेत तुझे?"

"असतील तेवढ्यात कर."

"दोन महिने कात्री लावायची नाही मग. वाढू दे. जूनमध्ये ये."

"जूनमध्ये नक्की?"

"मी कुठे जातेय?" असं म्हणून तिने कापड सोडलं, झटकलं आणि चहा टाकायला आत गेली. मी तसाच बसून राहिलो. कानांवरून हात फिरवून पाहिला. अजून काही नाही.